नाल्याकडची भिंत

आमचं गाव नांदेड जिल्ह्याच्या अगदी कडेला, लातूरच्या हद्दीला टेकून आहे. दवाखान्याला आम्ही नांदेडला जातो, शिकवणीला लातूरला, आणि भांडायला कुठं जावं लागत नाही. पुष्कळ वर्षं ग्रामपंचायत होती. मग सरकारनं एक कागद काढला आणि गावाचं नगर झालं. म्हणजे जुन्या पाटीवर पिवळा रंग मारून नगरपंचायत असं लिहिलं, गाणं म्हणणारी घंटागाडी आली, आणि पाणी सहा दिवसांनी यायचं ते आठ दिवसांनी यायला लागलं. गावाचे सतरा वॉर्ड पाडले. आमचा वॉर्ड बाईसाठी राखीव निघाला. भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तशा आवाजात नवऱ्यानं मला एका रात्री सांगितलं, "तुझा अर्ज भरून आलो."

आमचं किराणा-भुसारचं दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, सोमवारी उपास, अशी महादेवाची माणसं आम्ही. माझा नवरा असा की दुकानात उंदीर सापडला तरी पिंजरा घेऊन गल्लीच्या टोकाला जायचा आणि तिथं दार उघडून द्यायचा. गिऱ्हाईक अंगावर आलं तरी हा हसायचा. या माणसानं पुढं काय केलं आणि मी त्याला काय केलं ते मी लिहिणार आहे, म्हणून तो मूळचा कसा होता ते आधी सांगितलं.

आम्हाला दोन मुली. मोठी लातूरला होस्टेलवर राहून क्लास करायची. धाकटी पाच वर्षांची असताना तापानं गेली, नांदेडच्या रस्त्यावर, जीपमध्ये, लोह्याच्या थोडं पुढं. माझ्या मांडीवर गेली. जीप तिथूनच मागं वळवली.

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. गावाबाहेर हायवेला लागून आमची रुद्रभूमी आहे, दोन-अडीच एकर. बायकांनी तिथं जायचं नाही ही आमच्या गावची रीत. का म्हणून विचारायची सोय नव्हती आणि मीही कधी विचारलं नव्हतं. माझ्या लेकीला पुरुष घेऊन गेले आणि मी उंबऱ्याच्या आत बसून राहिले. नवरा परत आला, न्हाणीत गेला, अंगावर पाणी घेतलं. मी दाराबाहेरूनच विचारलं, कुठं ठेवलं. आतून बराच वेळ नुसता तांब्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "फाटकातून आत गेलं की मोठा लिंब हाय. त्याच्यापासून अकरा पावलं, उगवतीकडं. सावली हाय तिथं."

लहान लेकरांवर आमच्यात दगड ठेवत नाहीत, ओटा बांधत नाहीत. त्यामुळं त्या अकरा पावलांशिवाय माझ्याकडं काही नव्हतं. वर्षभर मी दम धरला आणि मग एका दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नाही असं पाहून, रीतबीत गुंडाळून ठेवली आणि आत गेले. अकरा पावलं मोजली, बसले, तांब्याभर पाणी ओतलं. त्यानंतर सात वर्षं दर अमावास्येला जायचे. लिंबाच्या पलीकडं कधी गेले नाही. पलीकडं नाल्यापर्यंत वेडी बाभूळ माजलेली होती आणि मला तिकडं काही काम नव्हतं. नवऱ्याला माझं जाणं ठाऊक होतं. मी परत यायच्या वेळेला तो चहा टाकून ठेवायचा.

तर निवडणूक. मी अपक्ष उभी राहिले आणि चौदा मतांनी आले. ज्या बाईला पाडलं तिच्या दिरांनी त्याच संध्याकाळी दुकानाच्या काचेच्या बरण्या फोडल्या. शेंगदाणे, गोळ्या, खोबरं, सगळं काचेत कालवलं. नवऱ्याची भुवई फुटली. तो कुशीवर पडून हसत होता, कारण बाहेर रस्त्यावर माझ्या नावाचा गुलाल उडत होता. मला त्याचं ते हसणं आवडलं नाही. इतकी वर्षं शांत असलेल्या माणसाला खुर्चीचा वास लागला की तो असा हसतो, हे मला तेव्हा नवीन होतं.

सतरातले आठ सदस्य आडतवाल्यांचे आले. ते मोंढ्यातले मोठे आडतदार, गावात सगळे त्यांना मालक म्हणायचे, आम्हीसुद्धा. आठ माजी सरपंचांचे आले. नगराध्यक्षाच्या खुर्चीसाठी हे दोघंच उभे होते, आणि मधे सतरावी मी. नवऱ्यानं मालकांना शब्द देऊन टाकला. बदल्यात मालक त्याला स्वीकृत सदस्य करणार होते, म्हणजे लोकांकडं मत न मागता सभागृहात बसणारा सदस्य. मला कुणी विचारलं नाही. सही कुठं करायची तेवढं दाखवलं.

आमच्याकडं नगराध्यक्ष निवडायच्या आधी सदस्यांना सहलीला नेतात. दुसऱ्यानं पळवू नये म्हणून. कागदावर कुठं हे लिहिलेलं नाही, पण गाव लहान असो की मोठं, सहल चुकत नाही. मालकांनी आम्हाला श्रीशैलमला नेलं. म्हणजे देवदर्शन झालं आणि पहाराही झाला. टेंपो ट्रॅव्हलर सुटायच्या आधी सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत जमा केले. लॉजवर माझ्या खोलीत साठीच्या एक काकू होत्या, आमच्यातल्याच, पलीकडच्या वॉर्डातल्या. काकूंचा नवरा वारलेला, मुलांनी उभं केलेलं. काकू म्हणाल्या, "माझ्या लग्नानंतरचं पहिलंच फिरणं हाय माय. पळवून नेलं म्हून काय झालं."

तिसऱ्या दिवशी एका तरुण सदस्यानं लॉजच्या पोऱ्याचा फोन मागून घरी लावला. त्याची बायको बाळंतपणाला टेकलेली होती, दुसरं काही नव्हतं. मालकांच्या पुतण्यानं त्याला न्हाणीघरात नेलं आणि कडी लावली. पट्ट्याचा आवाज आमच्या खोलीत येत होता. काकू मोठमोठ्यानं शिवनाम घ्यायला लागल्या आणि मी भिंतीकडं तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी तो पोरगा सुजलेल्या ओठांनी आमच्याबरोबर दर्शनाच्या रांगेत उभा होता, आणि पुतण्या त्याला प्रसादाचा लाडू भरवत होता. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि पुढं सरकलो.

आठव्या दिवशी मालकांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं आणि पलंगावर नकाशा पसरला. नगराचा विकास. हायवेच्या कडेनं एका ओळीत चाळीस गाळे. रुद्रभूमीची रस्त्याकडची पट्टी त्यात जात होती. फाटक जात होतं. लिंबाच्या बुंध्यावरून तांबडी रेघ गेलेली मला स्पष्ट दिसली.

मी म्हणाले, "मालक, तिथं माणसं हायत."

मालक हसले. वाईट हसले नाहीत, लेकीला समजवावं तसे हसले. "माणसं महादेवात गेली, अक्का. तिथं राहिलंय काय? माती. आन मागं दोन एकर मोकळंच हाय की."

मी नवऱ्याशी बोलायचंय म्हणून हट्ट धरला. मालकांनी आपल्या फोनवरून लावून दिला, स्पीकर सुरू ठेवून, फोन स्वतःच्या हातात धरून.

मी म्हणाले, "लिंबाखालनं गाळे जाऊन राहिलेत. तुम्हाला ठाव होतं का?"

तो म्हणाला, "हाव."

"आन तरी शब्द दिलाव?"

"तिची जागा जात न्हाई. माझ्यावर भरवसा ठेव."

"मी नकाशा बघून राहिले. अकरा पावलं सगळी गाळ्यात हायत."

"मी सांगून राहिलो ना तुला. तिची जागा जात न्हाई. आल्यावर बोलू." आणि फोन बंद झाला. कुणी बंद केला कोण जाणे.

तेव्हा माझ्या डोक्यात एकच बसलं. या माणसानं खुर्चीसाठी लेक विकली. त्या रात्री मी काकूंच्या शेजारी पडून होते आणि मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या दिल्या की मला स्वतःलाच नवल वाटलं, एवढ्या शिव्या मला येतात कधीपासून. माजी सरपंच काही देवमाणूस नव्हता. पण त्याच्या जाहीरनाम्यात एक ओळ होती, रुद्रभूमीला संरक्षक भिंत. मला ती ओळ पुरली. मी कुणाला काही बोलले नाही, काकूंनासुद्धा नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री आम्ही परत निघालो. सकाळी गावाच्या अलीकडं नाक्यावर सरपंचाची पोरं दगड घेऊन उभीच होती. पहिला दगड समोरच्या काचेवर आला, पुढचे खिडक्यांवर. काच फुटून काकूंचा कान अर्धा लोंबायला लागला. मी पदर काढून दाबला तर पदर भिजून रक्त माझ्या कोपरापर्यंत आलं. मागून मालकांची जीप आली आणि त्यातून लोखंडी गज घेतलेली माणसं उतरली. मग जे झालं ते दोन-तीन मिनिटांत झालं. गज मांसावर बसतो तेव्हा आवाज फार मोठा होत नाही. ट्रॅव्हलर हलली तेव्हा एक पोरगा रस्त्यात कुशीवर पडलेला होता, एक पाय विचित्र वळलेला, आणि तो आई म्हणत नव्हता, नुसता तोंड उघडून होता. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. काकूंचा कान माझ्या हातात होता आणि मला त्या पोराचा दुसरा पायही मोडलेला पाहायचा होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काकूंनी कानाला पट्टी बांधून घेतली आणि सभागृहात येऊन बसल्या. प्रांतसाहेब लातूरच्या बाजूचे, नव्यानं आलेले, सारखे पाणी पीत होते. आधी मालकांचं नाव पुकारलं. हात वर झाले. काकूंनी मला कोपर मारलं. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. प्रांतसाहेबांनी दोनदा मोजलं, आठ. मग सरपंचाचं नाव आलं आणि मी हात वर केला. खिडकीच्या गजांना धरून नवरा बाहेर उभा होता. त्याच्या तोंडाचा रंग गेला, ते मी पाहिलं, आणि मला बरं वाटलं.

पहिली खुर्ची प्रांतसाहेबांच्या टेबलावर आली. मग सगळ्याच खुर्च्या उडायला लागल्या. कुणीतरी माइकचा दांडा उपसला. जिना उतरताना मालकांच्या पुतण्यानं माझ्या पोटात लाथ घातली आणि मी चार पायऱ्या घरंगळत खाली आले. सरपंचाच्या माणसांनी मला तशीच उचलून गुलालात घातलं. गुलाल, रक्त, ओकारी, सगळं एका लुगड्यावर. पोलिसांनी त्यांच्या गाडीतून घरी सोडलं. एक हवालदार म्हणाला, "बाई, मोठं काम केलंत." त्याला कुठलं काम म्हणायचं होतं ते काही कळलं नाही.

नवऱ्यानं दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं. भर दुपार, तरी आत अंधार झाला. मला वाटलं तो रडणार. त्यानं ज्वारी मोजायचं लोखंडी माप उचललं आणि माझ्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. दुसरा घाव पाठीवर बसला, तिसरा मी पडताना पोत्यावर. प्रत्येक घावाला तो एकच म्हणत होता, "तुला काय ठावं? तुला काय ठावं गं?" ओरडत नव्हता. घशातल्या घशात बोलत होता. मी म्हणाले, "मला ठाव हाय, तुम्ही तिला विकलीव." त्यावर त्यानं माप खाली ठेवलं, जागच्या जागी नीट ठेवलं, आणि जीप आणायला गेला.

त्याच रस्त्यानं त्यानं मला नांदेडला नेलं. लोह्याच्या पुढं तेच वळण आलं. आम्ही दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसलो होतो. तो एक शब्द बोलला नाही आणि मीही नाही.

तो अबोला सात महिने चालला. एका घरात, एका चुलीवर. काही सांगायचं झालं तर लातूरला मोठ्या मुलीला फोन करायचा, मग ती दुसऱ्याला फोन करून सांगायची की गॅस संपलाय. मुलगी एकदा वैतागून म्हणाली, तुम्ही दोघं मला अभ्यास करू देणार आहात का? मी अमावास्येला जात राहिले. परत आल्यावर चहा नसायचा.

सरपंच नगराध्यक्ष झाले आणि त्यांनी शब्द पाळला, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. रुद्रभूमीच्या भिंतीच्या ठरावाला सूचक म्हणून माझं नाव घातलं. निधी एकाच बाजूच्या भिंतीपुरता होता. बांधकामाचे साहेब म्हणाले, नाल्याकडून घेऊ, पावसाळ्यात पाणी आत येतं, डुकरंही तिकडूनच घुसतात. मला पटलं. ते टेप घेऊन आले तेव्हा मी फाटकाशी उभी होते. लांबूनच त्यांनी विचारलं, "ताई, या कडेला काही आहे का? रेघ मारू?"

मी म्हणाले, "काही न्हाई तिकडं. नुसत्या बाभळी. मारा."

ठराव सभेत आला तेव्हा सभागृहात आमच्यातले सहा-सात पुरुष होते. नकाशा टेबलावर गुंडाळीतच पडून होता. कुणी उघडला नाही. आमच्याकडं ठराव वाचून दाखवतात, मंजूर म्हणतात आणि भजी येतात. काकूंनीही मंजूर म्हटलं.

काम सुरू झालं त्या दिवशी मी नवं लुगडं नेसले होते. जेसीबीपुढं नारळ फोडला. ऑपरेटर कंधारकडचा होता, तिशीतला, मला अक्का म्हणायचा. मी त्याच्यासाठी घरून चहा नेला होता. ठरावाची सूचक म्हणून कुणी अडवलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी लिंबाच्या पलीकडं गेले. बाभळी उपटून टाकल्या होत्या आणि नाल्याच्या काठानं पांढरी फक्की मारलेली होती. बकेट मातीत रुतायचं, वर यायचं, बाजूला ओतायचं. सात-आठ हात चर झाला होता. मी छत्री धरून उभी होते आणि खरं सांगते, मला स्वतःचा अभिमान वाटत होता. खांदा दुखत होता, पण भिंत होत होती.

नवरा अनवाणी पळत आला. दुकानात कुणीतरी सहज बोललं असणार, वहिनींनी नाल्याकडून जेसीबी लावलाय म्हणून. त्याच्या हातात पोती ओढायचा लोखंडी आकडा तसाच होता. तो माझ्याकडं आला नाही. जेसीबीवर चढला आणि आकड्याच्या मुठीनं ऑपरेटरच्या तोंडावर मारलं. एकदा, दोनदा. ऑपरेटरचे पुढचे दात गेले. तो हातानं तोंड धरून सीटवरच वाकला, आणि नवरा त्याला सोडून बकेटचा दांडा ओढायला लागला, कळत नसताना, वेड्यासारखा. बकेट हवेत हिसके खायला लागलं.

मला वाटलं, आला. सात महिने गिळून बसलेलं आज ओकायला आला. खांदा मोडून भागलं नाही, आता भिंत मोडायला आला. बाजूला मजुराचं फावडं पडलं होतं. मी ते घेतलं. खांद्याचं हाड नीट जुळलेलं नव्हतं, तरी मी दोन्ही हातांनी उचललं आणि तो खाली उडी मारत असताना त्याच्या डोक्यात घातलं. पात्याच्या कडेनं लागलं. मी थांबले नाही. तो गुडघ्यावर आला तेव्हा पाठीत घातलं. आठ वर्षांचं सगळं त्या दोन घावांत होतं आणि मारताना मला सुख झालं. ते सुख मला अजून आठवतं, आणि त्याची लाजही वाटते.

तो पालथा चराच्या काठावर पडला. डोक्यातून रक्त फुटून डोळ्यांत जात होतं. त्यानं हात लांब करून चरातली माती धरली आणि म्हणाला, "लेकरू इथं हाय."

मी म्हणाले, "लेकरू लिंबाखाली हाय."

"न्हाई. इथं हाय. लेकरं सगळी इथंच ठिवतात. नाल्याच्या कडंला." त्याला धाप लागत होती. "लिंबाखाली मोठ्या माणसांची जागा हाय. म्हाताऱ्यांनी ठिवू दिलं न्हाई तिथं. काट्यात ठिवलं म्हून तुला कसं सांगू मी? तू इचारून राहिली होतीस दाराबाहिरून."

मला समजायला वेळ लागला. नकाशातली तांबडी रेघ आठवली, हायवेच्या कडेची. गाळे तिथं झाले असते तर लिंब गेला असता. लेक गेली नसती. ती नाल्याकडं होती, त्या रेघेपासून दोन एकर लांब, आणि हे त्याला ठाऊक होतं. स्पीकर सुरू असताना त्याला ते बोलता आलं नव्हतं. आणि नंतर मी बोलू दिलं नव्हतं, तोही बोलला नव्हता. पांढरी फक्की माझ्या तोंडच्या शब्दानं पडली होती.

मी चरात उतरले. ऑपरेटरनं मशीन बंद केलं. तोंडातून रक्त गाळत तो खाली आला आणि आधी माझ्या नवऱ्याच्या डोक्याला आपला रुमाल बांधला. मग तोही चरात उतरला. "अक्का, मला कुणी सांगितलं न्हाई," एवढंच तो म्हणाला, दात नसल्यामुळं नीट उमटलं नाही. बाहेर ओतलेली माती आम्ही हातानं चाळली. मातीत काय सापडलं ते मी इथं लिहिणार नाही. आम्ही ते परत ठेवलं आणि माती आत लोटली. नवरा काठावर बसून बोटानं दाखवत होता, अजून थोडं खाली, अजून थोडं डावीकडं. आठ वर्षांनी त्याला इंच न् इंच पाठ होता. तो कधी येऊन जायचा, मला आजही माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

त्याच्या डोक्याला नऊ टाके पडले. ऑपरेटरनं तक्रार दिली नाही. का दिली नाही म्हणून मी त्याच्या घरी कंधारला गेले, तर त्याच्या बायकोनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिचं बरोबरच होतं.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. आम्ही दवाखान्यातून परत आलो तेव्हा बातमी गावभर झालेली होती. नवऱ्याला घरी निजवून मी पुन्हा रुद्रभूमीकडं गेले, चराला कुणी हात लावू नये म्हणून. फाटकाशी बायका उभ्या होत्या. आमच्यातल्याच. आधी चार-पाच होत्या, मग दहा-अकरा झाल्या. आत यायला कुणी धजत नव्हतं. एकीनं मला विचारलं, "वहिनी, माझं सव्वा वर्षाचं होतं. घरच्यांनी मला लिंबाखाली सांगितलंय. तिथंच असंल ना हो?"

दुसरी म्हणाली, "मला बी लिंबच सांगितला. मी तर रस्त्यावरनंच हात जोडते."

मग एकेक करत सगळ्याच बोलल्या. दोन महिन्यांचं, चार वर्षांचं, जुळ्यातलं एक. सगळ्यांना लिंबच सांगितलेला होता. कुणाला उगवतीकडं, कुणाला मावळतीकडं, आणि सगळ्यांना सावली सांगितलेली होती. गावातल्या पुरुषांनी हे कधी एकत्र बसून ठरवलं नसणार. प्रत्येकानं आपापल्या न्हाणीत उभं राहून ठरवलं असणार. मी त्यांना आत घेऊन गेले. लिंबाखालून पुढं नेलं, चरापर्यंत. काहीजणी घरी पळाल्या, नवऱ्याला धरून आणायला. त्या रात्री गावात बऱ्याच घरांतून आरडाओरडा ऐकू आला. दोन पुरुषांची डोकी फुटली, एका बाईचा हात मोडला. तरी पहाटेपर्यंत पुरुष कंदील आणि मोबाइलच्या बॅटऱ्या घेऊन नाल्याच्या काठानं खुंट्या ठोकत होते आणि बायका शेजारी उभ्या होत्या.

काकू सगळ्यांत शेवटी आल्या. कानाचा खालचा तुकडा नसलेल्या. त्यांचं पहिलं लेकरू चाळीस वर्षांपूर्वी गेलं होतं, हे मला श्रीशैलमच्या दहा दिवसांतही त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. प्रत्येक खुंटीपाशी थांबून तिथल्या माणसाला विचारत होत्या, तुझ्या बापानं कधी काही दाखवलं होतं का रं. कुणाला काही ठाऊक नव्हतं. त्यांचा नवरा वारलेला होता, दीर वारलेले होते, त्या वेळी खांदा दिलेला एकही माणूस आता गावात उरलेला नव्हता. काकू माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी कुणाला इचारू गं?"